अडचणीतला बोल्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या गॅरेजमध्ये गेलात तर भिंतीवरच्या फळीवर दोन जातींचे पाने टांगलेले दिसतात. पहिली जात विकतची. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा अशा जोडनावांनी ओळखली जाणारी आणि क्रमाने लावलेली. दुसरी जात फळीच्या कडेला, मिळेल त्या खिळ्यावर असते. त्यात मानेत वाकवलेला रिंग पाना असतो, निम्म्यात कापलेल्या दांड्याचा पाना असतो, पाठीवर सळई वेल्ड केलेली गोटी असते, ग्राइंडरवर तोंड घासून पातळ केलेला एखादा तेरा नंबर असतो. ही हत्यारे कोणत्याही कंपनीच्या यादीत सापडत नाहीत. त्यांतली बहुतेक एकेका गाडीच्या एकेका बोल्टसाठी केलेली आहेत, आणि ती गाडी रस्त्यावरून गेली की त्यांचा अर्थही जातो.

कोल्हापूरच्या यंत्रविद्येवर मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. इथल्या फौंड्र्यांवर, ऑईल इंजिनांवर लेख आहेत. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेरा समोर ठेवून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा घडवला, ही हकिकत तर सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात येते. हे सगळे लेखन वस्तू घडवण्याविषयी आहे. घडवलेली वस्तू तीस वर्षांनी उलगडायची कशी, याविषयी एक ओळ सापडत नाही. मी अभियंता नव्हे. जे कळले ते गॅरेजच्या स्टुलावर बसून, विचारून आणि घरी येऊन आकडेमोड करून कळले आहे.

आधी शब्दांचे पाहू. ज्याला पुस्तकात सॉकेट म्हणतात, ती इथे गोटी. रॅचेटला रॅचेटच म्हणतात, पण गोटी फिरवायच्या साध्या आडव्या दांडीला टॉमी. वॉशरचा वायसर झाला आहे. बोल्टवरच्या सर्पिल खाचा म्हणजे आटे. ते झिजले की ‘आटे गेले’. आणि जिथे हात, नजर आणि पाना या तिन्हींपैकी एकच वस्तू एका वेळी जाऊ शकते, त्या जागेला फिटर नेमका शब्द वापरतो: अडचण. ‘बोल्ट अडचणीत आहे’ याचा अर्थ बोल्टवर संकट आले आहे असा नाही. तो अडचणीच्या जागी आहे, एवढाच. संकट असते ते फिटरवर.

जुन्या गाडीत पहिला घोटाळा मापांचा असतो, आणि त्याचे मूळ कोल्हापूरपासून फार लांब आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने आट्यांचे एक प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेने पुढे ६० अंशांचा कोन धरला. दुसऱ्या महायुद्धात एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेना, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचे एकच इंची प्रमाण ठरवले. युरोपात मिलिमीटर होतेच. आपल्याकडे हे सगळे एकाच गल्लीत येऊन उभे राहिले. महिंद्रची जीप अमेरिकन वळणाची, म्हणून इंची. अ‍ॅम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक, तीही इंची. कुर्ल्याला बनणारी प्रीमियरची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, ती इटालियन घराण्याची, म्हणून मिलिमीटर. नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बॅसेडरला इसुझूचे जपानी इंजिन बसले आणि एकाच गाडीत इंजिनाला मिलिमीटर, बाकी अंगाला इंच असा संसार सुरू झाला.

याहून विचित्र प्रकार मॉरिसच्या जुन्या इंजिनांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. तो १९२३ मध्ये मॉरिसने घेतला. यंत्रे फ्रेंच असल्याने आटे मिलिमीटरचे पडत, पण इंग्रज कारागिराच्या हातात व्हिटवर्थचे पाने असल्याने बोल्टची डोकी व्हिटवर्थची ठेवली. अंग एका देशाचे, डोके दुसऱ्या देशाचे. आपल्याकडची सुरुवातीची हिंदुस्तान टेन याच कुळातली.

या गोंधळात आपल्या बाजारपेठेने आपले माप टिकवले: सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. लोखंडाच्या दुकानात आजही ‘अडीच सुती बोल्ट’ मागितला जातो. इथे एक बारकावा नवशिक्याला फसवतो. अडीच सूत ही बोल्टच्या अंगाची जाडी, म्हणजे ५/१६ इंच. त्याच्या डोक्याला पाना लागतो चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा. पाव इंची बोल्टला साडेतीन सुती पाना, तीन सुतीला साडेचार. जुन्या व्हिटवर्थ पान्यावर मात्र बोल्टच्या जाडीचाच आकडा कोरलेला असतो. ‘१/४’ लिहिलेल्या त्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटर भरते. तेरा नंबर त्या बोल्टवर चढत नाही, चौदा नंबर फिरतो.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेरा नंबरचा पाना चढतो, ०.३ मिलिमीटर ढिला. सैल बोल्टवर हे चालून जाते. गंजलेल्या बोल्टवर पाना आधी तेवढा गिरकतो, मग सपाट बाजूंऐवजी फक्त कोपऱ्यांवर टेकतो आणि जोर लावताच कोपरे सोलून काढतो. डोके गोल होते. अनुभवी फिटर म्हणून आधी विचारतो, ‘गाडी कुठली?’ आणि इंची असेल तर वेगळा डबा काढतो. पाऊण इंचाला एकोणीस नंबर चालतो, कारण फरक फक्त ०.०५ मिलिमीटरचा; ५/८ ला सोळा नंबरही बरा बसतो. पण साडेचार सुतीला, म्हणजे १४.२९ मिलिमीटरला, चौदा चढत नाही आणि पंधरा फिरतो. अ‍ॅम्बॅसेडरची हत्यारे वेगळी ठेवावी लागतात ती मुख्यतः या मापापायी.

बोल्ट का अडतो? सर्वसाधारण समज असा, की बोल्ट आवळताना लावलेला जोर त्याला ताणून ठेवण्यात जातो. प्रत्यक्षात त्यातला जवळपास नऊ दशांश भाग घर्षणात खर्च होतो, निम्मा डोक्याखाली आणि बराचसा आट्यांत. ताण निर्माण होतो तो उरलेल्या एका हिश्शातून. म्हणजे घर्षण थोडे वाढले तरी बोल्ट सोडायला लागणारा पीळ खूप वाढतो. त्यात गंज. लोखंड गंजले की ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि आट्यांतल्या बारीक फटीत पाचरीसारखे ठोकून बसते. कोल्हापूरच्या गाड्यांना ही पाचर लवकर बसते. राधानगरी-गगनबावड्याचा पाऊस, घाट उतरून कोकणात गेल्यावर खारी हवा, परत येताना उसाच्या फडातला चिखल. तो खालच्या अंगावर वाळतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओल धरून ठेवतो.

तेल, ठोका आणि आच हे तीन उपाय सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांचा क्रम आणि मात्रा यांत विद्या आहे. रॉकेलात थोडे ऑईल मिसळून सोडायचे आणि रात्रभर थांबायचे. पातळ रॉकेल आत शिरते आणि ऑईल मागे राहते. मग डोक्यावर सरळ ठोका, आडवा नाही. त्याने आट्यांतली गंजाची पाचर तडकते. त्यानंतरची पायरी मी जिथे जिथे पाहिली तिथे सारखीच होती. ‘आधी आवळ जरा, मग सोड,’ असे एक वयस्क फिटर पोऱ्याला सांगत होते. आवळण्याच्या दिशेने केसभर हलला की पकड सुटते आणि मग उलटा फिरतो. आचेचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. दहा मिलिमीटरचा नट दोनशे अंशांनी तापवला तर त्याचे भोक सुमारे ०.०२४ मिलिमीटरने वाढते. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण तिसरा हिस्सा. एवढ्याने काम होते, पण नट तापला आणि आतला स्टड अजून थंड आहे, या थोड्या क्षणांतच. चहा पिऊन आल्यावर दोन्ही सारखेच तापलेले असतात.

हे झाले उघड्यावरच्या बोल्टचे. अडचणीतल्या बोल्टला आणखी एक गोष्ट लागते: पान्याला झोका घ्यायला जागा.

षटकोनी डोके दर ६० अंशांनी तेच दिसते. म्हणजे सरळ तोंडाचा पाना असता तर प्रत्येक वेळी ६० अंश फिरवता आले तरच पुढचा घास घेता आला असता. इंजिन आणि चेसी यांच्या मधल्या फटीत एवढी जागा कुठली? म्हणून उघड्या तोंडाचा पाना दांड्याशी १५ अंश तिरका घडवतात. एकदा फिरवायचा, काढायचा, पालथा करायचा, परत घालायचा. पालथा केल्यावर तोंडाची दिशा ३० अंशांनी बदलते, म्हणून ३० अंशांच्या झोक्यात काम भागते. पान्याचे तोंड वाकडे का असते, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. शाळेत भूमितीच्या तासाला हे सांगितले असते तर भूमिती थोडी बरी आली असती. बारा कोपऱ्यांचा रिंग पाना हीच सोय न पालथता देतो, पण त्याची पकड कोपऱ्याजवळ येते, आणि झिजलेल्या डोक्यावर तो घसरतो. गंजलेल्या बोल्टला सहा कोपऱ्यांची गोटी हवी. त्या गोटीला ६० अंश हवेत, ते रॅचेट पुरवते.

इथून जोडाजोड सुरू होते. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचा घंटेसारखा भाग इंजिनाला जोडणारे वरचे बोल्ट हे याचे नमुनेदार उदाहरण. वरून हात जात नाही, कारण केबिनची पत्र्याची भिंत आड येते. खालून बोल्ट दिसतही नाही. उपाय असा, की गिअरबॉक्सच्या शेपटाकडून, त्याच्या अंगालगत, दोन-तीन एक्स्टेन्शन एकाला एक जोडून दोन-अडीच फूट लांब दांडी करायची, पुढे गोटी, आणि गाडीच्या मधोमध खाली पडून मागच्या टोकाला रॅचेट फिरवायचे. मध्ये एखादा अडथळा असेल तर युनिव्हर्सल जॉइंट.

आता यातली खोच. पोलादी दांडी लांब झाली की तीच पीळ खाते. अर्ध्या इंची, दोन फूट लांब एक्स्टेन्शनला पाच किलोग्रॅम-मीटरचा पीळ दिला, तर तिचे एक टोक दुसऱ्याच्या मानाने सहा ते आठ अंश फिरते. त्यात प्रत्येक सांध्याची थोडी ढिलाई, युनिव्हर्सलची आणखी. हात दहा-पंधरा अंश फिरतो, बोल्ट जागचा हललेला नसतो. बहात्तर दात्यांचे महागडे रॅचेट पाच अंशांवर घास घेते म्हणून कौतुकाने आणले, तरी त्याचे हे पाच अंश दांडीच्या पिळातच मुरतात. त्यामुळे अडचण अगदी अरुंद असेल तर उद्यमनगरातले जाणते लोक रॅचेट बाजूला ठेवतात आणि टॉमी घालतात. नवे हत्यार उगाच नाकारतात, असा त्यावर आरोप होतो. माझ्या मते तो अन्याय आहे.

पिळाचा दुसरा परिणाम कानाशी संबंधित आहे. बोल्ट सुटला की ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो. बोल्ट तुटण्याआधी आवाज नसतो. दांडी मऊ लागते, च्युइंगम ओढल्यासारखी. लांब जोडणीतून हा फरक हाताला कळेनासा होतो, म्हणून काम करणारा दुसरा हात एक्स्टेन्शनच्या पुढच्या टोकाशी, गोटीला बोटे लावून ठेवतो. एक हात ताकदीचा, एक हात बातमीचा. पोऱ्याला पहिली दोन वर्षे बहुधा हा दुसरा हातच शिकवला जातो.

युनिव्हर्सल जॉइंट कुठे घालायचा यावर मतभेद आहेत. गोटीला लागून घातला तर तोंड वळवायला सोपे, पण जोर लावताच गोटी डोक्यावरून कलते. तीसेक अंशांपेक्षा जास्त वाकवला तर तो अडखळतो. एकाऐवजी दोन युनिव्हर्सल घालून वळण वाटून घेणे अधिक चांगले. ढिलाई वाढते, ती सोसायची. आणि युनिव्हर्सल लुळा पडतो म्हणून त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. मग तो दिलेल्या कोनात उभा राहतो आणि अंधारात बोल्टचे डोके शोधू शकतो. नट परत बसवताना तो गोटीतून पडू नये म्हणून आत ग्रीसचा ठिपका किंवा वर्तमानपत्राचा कपटा दाबतात. काढण्यापेक्षा बसवणे कठीण, हे कोणीही सांगेल. काढताना पडलेला नट खाली सापडतो, बसवताना पडलेला हमखास चेसीच्या पोकळीत जातो.

अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाला आत ओढणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही नळ्या एकाच बाजूला आहेत, आणि मधले काही नट जाड वायसरने दोन्हींना एकदम दाबून धरतात. वरून कार्बोरेटर, खालून सायलेन्सरचा पाईप. यांतले खालचे नट रोज तापून निवलेले, म्हणून सगळ्यांत जास्त चिकटलेले. इथे गोटी उंच पडते, लांब पान्याला झोका मिळत नाही. फळीच्या कडेचा कापलेला रिंग पाना इथे कामाला येतो. आखूड दांड्याला जोर कमी, म्हणून त्याच्या उघड्या तोंडात दुसऱ्या पान्याची रिंग अडकवून लांबी वाढवतात. दोन पान्यांची ही साखळी जगभरचे मेकॅनिक करतात. तिच्यात धोका एवढाच, की आतल्या पान्याचे तोंड अशा ओढीसाठी घडवलेले नसते; ते फाकते, आणि निसटले तर बोटांची सालपटे जातात. शहाणा फिटर म्हणूनच अशा जागी पितळी नट घालून देतो. पितळ पोलादी स्टडला गंजाने चिकटत नाही. पुढच्या वेळी गाडी कदाचित दुसऱ्याच गॅरेजात जाईल, तरी तो घालतो.

पाईप लावणे हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत महाग उपाय. हिशेब करून पाहा. आठ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा बोल्ट आवळायला साधारण अडीच किलोग्रॅम-मीटर पीळ लागतो. एक फुटी पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर, जो कोणताही धडधाकट माणूस सहज देतो, म्हणजे सहा किलोग्रॅम-मीटर. बोल्ट तोडायला हेच पुरे. त्यावर आणखी फूटभर पाईप चढवला की बारा. स्टड हेडमध्ये तुटून राहिला की हेड उतरवा, लेथवाल्याकडे न्या, भोक पाडा, आटे पाडा. नशीब असेल तर तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड भरतात. वेल्डच्या आचेनेच गंज सुटतो आणि नट धरून स्टड बाहेर येतो. मालकाला मात्र पाच मिनिटांच्या कामाचे दोन दिवस का झाले, हे सांगावे लागते. छोट्या गॅरेजची अब्रू अशाच एखाद्या बोल्टवर टांगलेली असते. गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज विसरते, हे विसरत नाही.

हत्यार घडवण्याविषयी थोडे. पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा असतो आणि त्याला पाणी दिलेले असते. लाल करून वाकवला की त्या जागेचे पाणी उतरते. म्हणून आच दांड्याच्या मध्यावरच द्यायची आणि तोंडाला ओले फडके गुंडाळायचे, म्हणजे तोंडाचा कडकपणा राहतो. वाकवल्यावर पाण्यात बुडवायचा नाही. हळू निवू द्यायचा. पाण्यात विझवलेला पाना कडक होतो, पण ठिसूळ, आणि नेमका जोराच्या क्षणी मोडतो. गंमत अशी की या कामाला नवा पाना कोणी वापरत नाही. भंगारात मिळालेला, एक तोंड फाकलेला जुना पाना घेतात, कारण त्याचे एकच तोंड लागणार असते.

या सगळ्याला ‘जुगाड’ म्हणण्याची हल्ली फॅशन आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी तो शब्द मोठा केला. मला तो इथे पटत नाही. जुगाडात वेळ मारून नेणे असते. इथे झोक्याचे कोन, दांडीचा पीळ, पोलादाचे पाणी यांचा विचार आहे, फक्त तो आकड्यांत मांडलेला नाही. उद्यमनगरात यासाठी मी ऐकलेला शब्द साधा आहे: ‘सोय’. ‘त्या बोल्टाची सोय हाय आमच्याकडं.’

ही सोय आता निघून चालली आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनेही मोडीत निघू लागली, आणि कचेऱ्यांच्या जीपा व अ‍ॅम्बॅसेडर हाच कित्येक गॅरेजांचा बांधील धंदा होता. छत्रपतींची जर्मन मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा सगळे कोल्हापूर तिला पाहायला लोटते. तिला जपणारे हात आहेत. सामान्य गाड्यांच्या हत्यारांना कोणी नाही. गॅरेज बंद झाले की विकतचे पाने पोरे वाटून घेतात आणि कडेच्या खिळ्यांवरचे किलोवर जातात. भंगार पुन्हा फौंड्रीच्या भट्टीत.

म्हणून गेली काही वर्षे मी अशी हत्यारे मिळतील तिथे मोजून, रेखाटून ठेवतो. तोंडाचे माप, दांड्याची लांबी, वाकाचे कोन, आणि कुठल्या गाडीचा कुठला बोल्ट. शेवटचा रकाना भरणे कठीण जाते, कारण तो माणसाच्या आठवणीत असतो. एका हत्याराचा रकाना अजून रिकामा आहे. रिंगचे तोंड साडेचार सुती, म्हणजे गाडी इंचवाली. दांडा दोनदा वाकवलेला, पहिला वाक जवळपास काटकोनात, दुसरा त्याच्या निम्मा, आणि लांबी सव्वा वीत. दुसऱ्या टोकाला अर्ध्या इंची चौकोनी भोक असलेली गोटी उलटी वेल्ड केली आहे, म्हणजे मागून एक्स्टेन्शन लागत असावे. रिंगच्या आतले कोपरे फक्त सोडण्याच्या दिशेने झिजले आहेत; आवळायला त्या जागी दुसरेच काहीतरी वापरत असणार. ते करणारा फिटर हयात नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्याला एवढेच आठवते, की ते ‘खालून, डाव्या अंगानं’ घालायचे. अ‍ॅम्बॅसेडर आणि जीप या दोन्हींखाली मी ते धरून पाहिले, पण कुठेच नीट बसले नाही. एखाद्या जुन्या लँडमास्टरखाली किंवा बेडफर्ड ट्रकखाली पाहायचे राहिले आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी, शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, चालू नसली तरी हरकत नाही, तर अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात. हत्यार घेऊन मी येईन.